परत न गेलेल्या वाटीची कहाणी

ऐक गं अन्नपूर्णे, तांदळात बसलेल्या आई, तुझी कहाणी तुझ्याच पुढं.

आटपाट गाव होतं. गावात एक आळी होती. आळीत धर्मा नावाचा साळी राहायचा, त्याची बायको सगुणा. त्यांच्या भिंतीला भिंत लागून एक तेलीण होती, तिला सगळे बयाकाकू म्हणायचे. काकूचा नवरा कधीच गेला होता. लेक मथू लांबच्या गावी दिली होती. घरात एक घाणा, एक बैल आणि ती. इकडं माग खटखट करायचा, तिकडं घाणा करकर करायचा. काकू परसातल्या भिंतीवरून म्हणायची, "सगुणे, ही लाकडं दिवसभर बोलतात, मग आपणच काय मुक्यानं राहायचं?" मग दोघी बोलत बसायच्या.

सगुणा सासरी निघाली, तेव्हा आईनं तिच्या ओटीत अन्नपूर्णा घातली होती आणि एक वसा दिला होता. शेजारून भरली वाटी आली तर दिवस मावळायच्या आत परत करावी. रिकामी देऊ नये. गूळ असेल तर गूळ घालावा, दाणे असतील तर दाणे घालावे. काही नसेल तर तुळशीचं पान घालावं. पण वाटी ठेवून घेऊ नये. सगुणेनं वसा घेतला. एक वर्ष पाळला, दोन वर्षं पाळला, तिसऱ्या वर्षी काय झालं? सुताला भाव चढला, लुगड्याला गिऱ्हाईक मिळेना. माग उभा राहिला. घरात ज्वारीचं पीठ तेवढं उरलं.

मग श्रावण आला. पहिला शुक्रवार आला. काकूनं गव्हल्यांची खीर केली. हात कापायचे तिचे, तरी गव्हले हातानं वळले. काशाची वाटी काठोकाठ भरली आणि भिंतीवरून दिली. सगुणेनं खीर नवऱ्याला वाढली, आपण खाल्ली, वाटी घासली. घरात पाहिलं तर घालायला काही नाही. तुळशीपाशी गेली, पान खुडलं, हातात धरून उभी राहिली. मनात आलं, एवढ्या खिरीच्या वाटीत पान काय घालायचं? काकू काय म्हणेल? दोन दिवसांनी काही चांगलंचुंगलं करीन, मग देईन. पान टाकून दिलं. वाटी फळीवर ठेवली. दिवस मावळला.

दुसरा शुक्रवार आला. एक लुगडं खपलं होतं, घरात गूळ आला होता. सगुणेनं वाटी काढली, गुळाचा खडा घातला, पुन्हा बाहेर काढला. आठ दिवस वाटी ठेवली आणि द्यायचा काय, तर गुळाचा खडा? आता द्यायचं तर पुरणच द्यावं. धर्मा मागावरून हसला. म्हणाला, "वाटी द्यायला जोशाकडून मुहूर्त काढून आणू का?" वाटी पुन्हा फळीवर गेली.

मग सगुणेला काकूसमोर जायची लाज वाटू लागली. परसात जायची ती काकू घाण्यावर बसली की. पाणी आणायची ती लांबच्या वाटेनं. ज्या माणसानं आपलं भलं केलं, त्याचंच तोंड चुकवावं, असं माणसाचं मन असतं बघा.

तिसरा शुक्रवार आला. काकू भिंतीशी येऊन उभी राहिली. सगुणा कपडे वाळत घालत होती, तिला आत पळता आलं नाही. काकू हळूच म्हणाली, "सगुणे, माझं काही चुकलं का गं? खीर करपली होती का?"

सगुणेच्या ओठाशी सगळं आलं. पण फळीवरची वाटी आठवली. म्हणाली, "नाही हो काकू, काम पडलंय फार," आणि आत गेली. काकूनं भिंतीवरचा हात काढला. मग तीही गेली.

पुढं दिवस पालटले. देवळाच्या झुलीचं काम धर्माला मिळालं. माग पुन्हा बोलू लागला. सगुणेनं डाळ आणली, गूळ आणला, वेलदोडा आणला. पुरण शिजवलं. चिंचेनं वाटी लखलखीत घासली, पुरण भरलं, वर तूप सोडलं आणि पदराखाली घेऊन निघाली. काकूच्या दारी गेली, तर घाणा उभा होता. बैलाची दावण मोकळी होती. उंबऱ्यात मथू बसली होती, डोळे सुजलेले. काकू लेकीकडं गेली होती, तिथं चार दिवस तापाचं निमित्त झालं आणि ती तिकडंच वारली.

मथूनं वाटी ओळखली. म्हणाली, "जोडीतली आहे. एकीत आई जेवायची, दुसरीत बाबा जेवायचे." मग म्हणाली, "ताप चढला तरी तुझंच नाव. सगुणेच्या मनाला काय लागलं असेल, तेवढं विचारून ये म्हणायची. मी आजच येणार होते."

सगुणा वाटी तिथं ठेवायला गेली. मथू म्हणाली, आता कुणासाठी ठेवतेस? सगुणा भरली वाटी घेऊन घरी आली.

दुपारी दारात एक म्हातारी आली. म्हणाली, भूक लागली आहे, काही असेल तर दे. सगुणा म्हणाली, पुरण आहे, पण ते दुसरीचं आहे. आणि बसकण मारून तिनं सगळं सांगितलं.

म्हातारीनं विचारलं, "तिनं पुरण मागितलं होतं?"

"नाही."

"खिरीच्या तोडीचं काही मागितलं होतं?"

"नाही."

"मग काय मागितलं होतं?"

सगुणेला भिंतीशी उभी काकू आठवली. काकूनं एक गोष्ट विचारली होती. तिला उत्तर हवं होतं.

तिनं वर पाहिलं, तर म्हातारी कुठली, ती अन्नपूर्णा होती. सगुणेनं तिचे पाय धरले. म्हणाली, एकदा काकूला आण, मी नुसतं पान घालून वाटी देईन. अन्नपूर्णा म्हणाली, "ते माझ्या हातात नाही, बाई. घर भरून देईन, गेलेलं माणूस कुठून देऊ? सोडलेला वसा पुन्हा धर. आणि ज्याचं घेतलंस, त्याचं तोंड चुकवू नकोस." पुरण खाल्लं, वाटी घासून दिली आणि दिसेनाशी झाली.

सगुणेनं वसा पुन्हा धरला. श्रावणातल्या दर शुक्रवारी ती खीर करायची, त्याच वाटीतून कुणाच्या तरी दारी न्यायची. नुसती देऊन येत नसे. बसायची, बरी आहेस ना म्हणून विचारायची, आणि हा वसा सांगायची. पुष्कळ वर्षं गेली. केस पिकले. मग मथूची सून घाणा चालवायला काकूच्या घरात राहायला आली. तिचा संसार नवा, डबे रिकामे. सगुणेनं तिला खीर नेऊन दिली.

उन्हं कलली तशी सून वाटी घेऊन दारात आली. मान खाली होती. वाटीत तुळशीचं एक पान होतं.

सगुणेनं विचारलं, "लाज नाही वाटली गं?"

"वाटली, आजी. पण दिवस मावळायला आला होता."

सगुणेनं पान घेऊन अन्नपूर्णेपुढं ठेवलं. मग सुनेचा हात धरून शेजारी गेली, आणि वाटी आपल्या हातानं तिच्या जोडीच्या वाटीशेजारी फळीवर ठेवली. तिथंच भिंतीला हात लावून म्हणाली, "काकू, तुमचं काही चुकलं नव्हतं." ऐकायला काकू नव्हती. मनावरचं अर्धं ओझं उतरलं. अर्धं सगुणेबरोबरच राहिलं.

अन्नपूर्णामाई, सगुणेचं जे अर्धं ओझं उतरलं, ते ऐकणारांचं, सांगणारांचं उतरू दे. जे राहिलं, ते कुणावर येऊ देऊ नकोस. ही साठां उत्तरांची कहाणी पांचांत सांगितली, दिवस आहे तोवर सुफळ झाली.