ठकूची मुहूर्तमेढ

रंगराव इनामदारांचा हुकूमच होता, की वाड्यावर नजराणा पोचवल्याशिवाय गावात कुणी नवं छप्पर घालायचं नाही. लग्नाचा मांडव तेवढा माफ.

ठकू कुंभारणीची कच्ची मडकी दर वळवाला भिजून पुन्हा चिखल व्हायची. नजराण्याला तिच्याकडे दमडी नव्हती. तिनं बांधावरच्या बाभळीच्या चार मेढी रोवल्या, वर बांबू टाकले, उसाचं पाचट पसरलं आणि पहिल्या मेढीला हळदकुंकू लावून आंब्याचा टाळा बांधला.

इनामदार गड्यांना घेऊन तणतणत आले. "उपटा रे हे छप्पर!"

"सरकार, ही मुहूर्तमेढ आहे," ठकू म्हणाली. "कार्य उरकायच्या आत ती हलवली तर अपशकुन होतो, असं तुम्हीच गावाला सांगता."

इनामदार जागीच थबकले. "लग्न कुणाचं?"

"माझ्या चंपीचं."

"मग नवरी कुठं आहे?"

ठकूनं मडक्यांकडे बोट दाखवलं. तिथं चंपी रांगत जाऊन ओली माती चाटत होती.

"हिचं लग्न? आणि ते कधी?"

"घाई कशाला, सरकार? बोहल्यावर उभं राहायच्या आधी पोरीला या मेढीला धरून उभं राहायला तर शिकू द्या!"