न भागणारी ९९७३

फार पूर्वी आकड्यांच्या गावात मंगळागौरीला प्रत्येकीने स्वतःचे सारखे भाग पाडून फेर धरायची रीत होती. शेजारीण ९९७२ दोनांत, तिनांत, चारांत ठुमकायची. ९९७३ मात्र कशानेच भागली जाईना.

“बस हो ओसरीवर, एकटी!” शेजारीण खिजवायची. ९९७३ हेव्याने जळायची.

एकदा ती भागाकारमामांना म्हणाली, “मोठी मिरवते ना? तोडा तिला, तुटेल तेवढी!”

मामांनी तोडली. उरल्या जुळ्या २, जुळ्या ३ आणि एक २७७. पुढे एकही तुटेना.

“मावशी,” २७७ रडत म्हणाली, “आम्हीही तुझ्यासारख्याच गं, न भागणाऱ्या.”

९९७३ चा चेहरा उतरला. मग तिने अंगणातून हाक मारली, “गुणाकारमामा, धावा! माझ्या पोरींना परत जोडा.”