मानेच्या वरचं ते राजाचं

काळदरीचा चार पायांचा विषारी व्याळ मेला खरा, पण मरता मरता सात जणांना डसून गेला. त्याचं विष उतरवणारा मणी त्याच्याच डोक्यात असतो. जनावरं सोलणाऱ्या येसाईने सुरी उचलली, तोच राजाचे पारखी भालदेव पालखीतून उतरले.

“खबरदार! दहा हत्तींच्या मोलाचा मणी आहे तो. ताम्रपटात काय लिहिलंय? ‘मानेच्या वरचं ते राजाचं, मानेच्या खालचं ते गावाचं!’”

“सरकार, माझा भाऊ तडफडतोय हो. विष उतरलं की मणी घेऊन जा.”

“ताम्रपटातला एक कानाही इकडचा तिकडे व्हायचा नाही!”

“एकही नाही?”

“एकही नाही!”

येसाईने हात जोडून वर बोट दाखवलं. सोलायचं जनावर उलटंच टांगतात. व्याळ मागच्या पायांनी चिंचेला लोंबत होता आणि डोकं खाली जमिनीलगत होतं.

“मग मानेच्या वरचं सगळं तुमचं, सरकार. जळकं कातडं, शेपूट, घाणीने भरलेली आतडी. पालखीत मावेल ना?”

संध्याकाळपर्यंत सातही जण उठून बसले. पारखी मात्र पायीच परतले; पालखीत राजाचा वाटा होता.