ओटीतल्या लिलीची कहाणी

ऐका भुईमाते, तुमची कहाणी. कुंडीत राहून घर उजळणाऱ्या लिलीची कहाणी. बायांनो, वाती नंतर वळा, आधी इकडे कान द्या.

आटपाट नगर होतं, नगराच्या कडेला एक गरीब माळी होता. त्याची बायको होती, एकुलती एक लेक होती, तिचं नाव भिवरा. मग भिवराचं लग्न झालं, पाठवणीची वेळ आली. ओटीला तांदूळ होते, हळकुंड होतं, नारळ काही मिळेना. मग माळणीनं काय केलं? खिडकीतल्या कुंडीतला लिलीचा कंद उपटला, माती झटकली, लेकीच्या ओटीत घातला.

“आई, आई, हा वसा कसा वसावा?”

“कंदाचं अंग मातीत पुरावं, मान वर ठेवावी. खिडकीशी ठेवावा, भर उन्हात ठेवू नये. पाण्याआधी मातीत बोट खुपसावं, ओल लागली तर हात आवरावा. फूल सरलं की दांडा कापावा, पानं कापू नयेत, पानं कंदाला जेवू घालतात. आश्विनात पानं पिवळी पडली की पाणी तोडावं, कंद काढून कोरड्यात निजवावा. पौषात उठवावा. घाई करू नये, कंटाळू नये, मेला म्हणून टाकू नये.”

भिवरानं वसा घेतला, सासरी आली. सासूचं नाव सगुणाबाई, जीभ कातरीसारखी. नवरा अगदी नंदीबैल, आई म्हणेल तिकडे मान. सासूनं ओटी पाहिली, डोक्याला हात लावला.

“अगंबाई! नारळाच्या जागी कांदा? धन्य तुझ्या आईची!”

“सासूबाई, मी माहेरी कधी जाऊ?”

“हा तुझा कांदा फुलला की जा!”

सगळं घर हसलं. भिवरा हसली नाही. तिनं स्वैपाकघराच्या खिडकीत कुंडी मांडली.

मग पहिलं वर्ष आलं. सगुणाबाई रोज तुळशीला पाणी घाली आणि उरलेला तांब्या कुंडीत रिकामा करी. हसू नका, तुम्हीही तेच करता. कंद एका अंगानं कुजला. भिवरानं कुजकं कापलं, राख चोळली, तीन दिवस सावलीत सुकवला, वाळूमिश्रित मातीत पुन्हा लावला. कंद जगला, फूल आलं नाही. माहेर राहिलं.

मग दुसरं वर्ष आलं. हातहात लांब पानं आली, काय सांगू त्यांचा तजेला! घरी पाहुणे यायचे होते. सासू म्हणाली, “हा काय पसारा?” कातर घेतली, पानं सपासप छाटली. कंद उपाशी राहिला. फूल आलं नाही. माहेर राहिलं.

मग गावात कासार आला. भिवराच्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाला, “पोरी, तुझ्या आईला हल्ली धड दिसत नाही. दिसतंय तोवर लेक एकदा पाहीन म्हणते.” भिवराला रडू फुटलं. पण सासूचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मग तिसरं वर्ष आलं. भिवरानं बोट खुपसल्याशिवाय पाणी दिलं नाही. तुळशीचा तांब्या सासूच्या हातून गोडीनं काढून घेतला. पानाला कुणाला हात लावू दिला नाही. आश्विनात पानं पिवळी पडली, तिनं कंद काढला, टोपलीत घालून फडताळात निजवला. दिवाळीची झाडलोट निघाली. सगुणाबाईनं फडताळ उघडलं आणि ओरडली, “चातुर्मास सरला नाही नि माझ्या घरात कांदा!” उचलला, मागच्या दारानं भिरकावला.

भिवरानं उकिरड्यात पाहिलं, नाही. गोठ्यात पाहिलं, नाही. पडवीतल्या राखेच्या ढिगात हात घातला, कंद तिथं होता. दाबून पाहिला, घट्ट होता. कोरडी राख, गार अंधार, त्याला अगदी मानवलं होतं. भिवरानं तो तिथंच राहू दिला, वर एक फुटकी घागर पालथी घातली.

पौषात तिनं कंद उठवला, कुंडीत लावला, चार घोट पाणी दिलं. आठ दिवस काही नाही. पंधरा दिवस काही नाही. मग मानेतून हिरवी चोच निघाली. चोचीचा दांडा झाला, दांड्यावर कळी फुगली. फाल्गुनात एका सकाळी कळी उकलली. एक नाही, दोन नाही, चार फुलं! चार दिशांना चार तोंडं, शेंदरी, परातीएवढा पसारा. काळवंडलेलं स्वैपाकघर लखलखलं.

सगुणाबाई चूल पेटवायला आली ती काडी हातात धरून उभीच राहिली. काडी विझली. दुसरी पेटवली, तीही विझली.

“सूनबाई, हे त्या कांद्यातून आलं?”

“हो सासूबाई.”

“मी कुजवला, छाटला, फेकला. त्यातून?”

“हो सासूबाई.”

मग सासू म्हणाली, “गाडी जुंपायला सांग. कुंडी घे. मीही येते.”

गाडी माळणीच्या दारी आली. माळीण चाचपडत बाहेर आली. म्हणाली, “काहीतरी लाल दिसतंय गं!” भिवरा म्हणाली, “आई, मी आले.” मायलेकी गळ्यात पडल्या, पोटभर रडल्या.

सगुणाबाई बाजूला उभी होती. तिनं हळूच पदर पुढं केला.

“विहीणबाई, माझ्या आईनं मला मोठा नारळ दिला होता. मी तो त्याच दिवशी फोडून खाल्ला. आता आई नाही, माहेर नाही. या कंदाला पिल्लू धरलं आहे. तेवढं माझ्या ओटीत घाला.”

माळणीनं माती चाचपली, पिल्लू सोडवलं, तांदळांसकट सगुणाबाईच्या ओटीत घातलं. म्हणाली, “लेकी, याची मान वर ठेव हो.” साठ वर्षांच्या सगुणाबाईला त्या दिवशी माहेर मिळालं.

जशी भिवराला लिली फुलली, तशी तुम्हां आम्हां फुलो. जसं सगुणाबाईला माहेर लाभलं, तसं ज्यांना नाही त्यांना लाभो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी, मान वर ठेवून, सुफळ संपूर्ण.