नव्या वसतिगृहाचा स्लॅब

विद्यापीठातल्या मुलींच्या नव्या वसतिगृहाच्या स्लॅबला उद्घाटनाआधीच तडा गेला होता. सोमवारी मुली राहायला येणार होत्या, आणि आज इमारत समिती विद्यापीठाच्या सभागृहात कंत्राटदाराचं काम मंजूर करायला बसली होती.

रेक्टर शैलाताई धुमाळ यांच्या सहीशिवाय इमारत ताब्यात घेता येत नव्हती. त्यांच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"करा मॅडम सही," कुलगुरू डॉ. राजोपाध्ये म्हणाले. "मंत्रिमहोदयांनी वेळ दिलीय."

"सर, तडा भिंतीपर्यंत उतरलाय. काल एका पलंगावर सिमेंटचे पोपडे पडले होते."

"तुम्हाला बांधकामातलं काय कळतं हो? आत्ता पुढे जाऊ द्या. राहिलेलं काम पुढच्या सत्रात पूर्ण करून घेऊ."

शैलाताईंनी पेन उचललं. कंत्राटदार हसत खुर्चीत रेलला. पण पेन कागदाला टेकलं नाही.

"म्हणजे सर, आपण स्लॅबला एटीकेटी देतोय?"

सगळे हसले. कुलगुरूही हसले. "तसं समजा! मुलांना देतोच की आपण."

"देतो, सर." शैलाताईंनी पेन खाली ठेवलं. "पण नापास झालेला मुलगा एटीकेटी घेऊन वरच्या वर्गात जातो. नापास झालेला स्लॅब खाली येतो."

कुलगुरूंची नजर हळूच वर गेली. हे सभागृहही याच कंत्राटदारानं बांधलं होतं.

त्यांनी आपली खुर्ची दाराकडे सरकवली आणि कंत्राटदाराला म्हणाले, "आधी स्लॅब नवा टाका. मंजुरीचं मग बघू."