पगडी डिकीत, महाराज बोडके

राजे रायाजीरावांच्या मोटारीची डिकी उघडेना, आणि आत त्यांची नवी कोरी पगडी!

दहा वाजता तळवडीचे राजे पाहुणे म्हणून यायचे होते. "आमची नवी पगडी बघायला या," असं रायाजीरावांनी स्वतःच त्यांना पत्र धाडलं होतं. आता साडेआठ झाले होते. पौषातलं धुकं घोणसगडावरून हलायला तयार नव्हतं आणि महाराज बोडक्या डोक्यानं गाडीखान्यात येरझाऱ्या घालत होते.

किल्ली कुलपात जायची, पण फिरायची नाही. लोहार पहार घेऊन आला, तर महाराज त्याच्याच अंगावर धावून गेले. विलायती रंगाला ओरखडा उठला असता ना! दिवाणसाहेब म्हणाले, "मुंबईहून मिस्त्री मागवू."

"तो येणार परवा. मग पगडी काय परवा घालू?"

शेवटी महाराजांनी आपल्या हट्टाला शोभेल असा हुकूम सोडला. कुलपाला हत्यार लागता कामा नये. बाजारातून काही आणायचं नाही. किल्ली महाराजांच्या हातातून सुटणार नाही. आणि पाहुणे यायच्या आत डिकी उघडली पाहिजे.

"नाही उघडली तर हा हैबती परत तबेल्यात. आणि ज्यानं माझं कुलूप बिघडवलं, तो आठ दिवस घोड्यांची लीद काढील. हा माझा शब्द आहे."

हैबती म्हणजे महाराजांचा ड्रायव्हर. तो बिचारा हात जोडून उभा होता. नेमकी त्याच वेळी त्याची बायको द्रुपदा तिथून चालली होती. द्रुपदा गावची सुईण. कुणा बाळंतिणीला शेक देऊन ती घरी निघाली होती, एका हातात निखाऱ्यांची शेगडी, दुसऱ्या हातात ओव्याची पुरचुंडी. हुकूम ऐकून ती तिथंच थांबली. सात वर्षं लीद काढून नवऱ्यानं हा खाकी डगला मिळवला होता. झोपेतसुद्धा तो तोंडानं भोंपू वाजवायचा!

पण घाबरून बसणाऱ्यातली ती नव्हती. ती पुढं झाली आणि वाकून कुलूप बघायला लागली. भोकाच्या कडेला पांढरं पांढरं काहीतरी साकळलं होतं. तिनं ते हुंगलं. मग पदर तोंडाला लावून जरा वेळ खोकली. खोकली कसली, हसू दाबत होती.

"सरकार, कुलूप बिघडल्यालं न्हाई. त्याला गारठा बाधलाय. शेक द्यावा लागंल."

"कुलपाला शेक?" दिवाणसाहेब ओरडले.

"बाळाला देते तसाच. शेक म्हंजे काय हत्यार न्हाई. आणि ह्यो बाजारातनं आणला न्हाई, शेगडी माझी, ओवा माझा."

महाराजांना यात खोट काढता येईना. द्रुपदानं पुरचुंडी शेगडीवर धरली, स्वतःच्या गालाला लावून ऊब पाहिली आणि कुलपावर दाबली. पुन्हा तापवली, पुन्हा दाबली. गाडीखानाभर ओव्याचा वास सुटला.

"आता सरकार, किल्ली बी गार हाय. ती काखंत धरा."

"काय?"

"किल्ली सरकारांच्या हातनं सुटायची न्हाई, असा हुकूम हाय. मंग काख बी सरकारांचीच लागंल."

संस्थानचे धनी काखेत किल्ली धरून उभे राहिले, ताप बघायला बसवलेल्या पोरासारखे. पहारेकरी भिंतीकडं तोंड करून हसू लागले.

एवढ्यात कुलपातून एक थेंब ठिबकला. मग दुसरा. "हं, फिरवा आता," द्रुपदा म्हणाली. महाराजांनी किल्ली घातली आणि खटकन डिकी उघडली! पगडी सुखरूप होती. ती त्यांनी तिथल्या तिथं डोक्यावर चढवली आणि मोटारीच्या काचेत दोनदा बघून घेतली.

"पण झालं होतं काय?" हैबतीनं विचारलं.

"कुणीतरी कुलपात खोबरेल घातलं होतं. रातच्या थंडीत ते थिजलं," द्रुपदा म्हणाली.

महाराज एकाएकी छताकडं बघू लागले. दिवाणसाहेबांना मात्र चेव आला. "खोबरेल! कोण तो दीडशहाणा? शोधलाच पाहिजे. आठ दिवस लीद, सरकारांचा शब्द आहे!"

"सोपं हाय, दिवाणसाहेब. तेलाला केवड्याचा वास हाय. समद्यांची डोकी हुंगते."

तिनं रांगच लावली. हैबतीच्या डोक्याला करडईचं तेल निघालं. पहारेकऱ्यांचंही तेच. दिवाणसाहेबांनी मान वाकवली, तर तिळाचं. लोहाराच्या डोक्यावर केसच नव्हते.

"सरकार, समद्यांची झाली. एकच डोकं ऱ्हायलं. पर ते इतक्या देखण्या पगडीखाली झाकलंय, की उघडा म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई."

महाराजांनी दोन्ही हातांनी पगडी घट्ट धरली. दिवाणसाहेबांच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. "मग... गुन्ह्याचं काय करायचं?" ते पुटपुटले.

"गुन्हा तर मघाशीच वितळून खाली ठिबकला, दिवाणसाहेब. आता लीद कुणी काढायची?" द्रुपदानं विचारलं.

महाराजांना हसू आवरेना. ते एवढे हसले की पगडी डोक्यावर नाचायला लागली. "कुरकुरत होतं गं ते कुलूप! म्हटलं, आपणच घालू तेल, कशाला कुणाला सांगा," ते डोळे पुसत म्हणाले. "हैबतीचा डगला हैबतीकडंच राहील. तू काय मागतेस?"

"धुक्यातनं कोस कोस चालत बाळंतिणी गाठते, सरकार. पाय भरून येत्यात."

"आजपासून बाळंतपणाला आमची मोटार जाईल. हैबती नेईल तुला, आणि तुझी शेगडी डिकीत."

द्रुपदानं वाकून मुजरा केला, पण ती जागची हलली नाही.

"आता आणखी काय?"

"एवढंच, सरकार. कुलपाला तेल घालायचं काम बी हैबतीकडंच ऱ्हाऊ द्या."