मुद्रेवरचा उचललेला पाय

त्या राज्यात सगळे प्राणी सणासमारंभाला तीन पायांवर उभे राहत, कारण राजमुद्रेवरचा गवा तीन पायांवर उभा होता.

मुद्रा कोरली सुतारपक्ष्याने, सागाच्या खोडावर. समोर गवा पुढचा डावा पाय उचलून उभा होता. दिसलं तसं त्याने टोचून काढलं आणि किडे खायला उडून गेला. अर्थ लावायचं काम करकोच्याकडे आलं. करकोचा विद्वान, शिवाय पाय उचलून उभं राहणं त्याला जन्मापासून जमतं. त्याने सांगितलं, टेकलेले तीन पाय म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य. उचललेला चौथा म्हणजे प्रगती. सभा इतकी खूश झाली की टाळ्या वाजवायच्या नादात चौघे आडवे झाले.

पंचाईत एवढीच, की खरा गवा अजून जिवंत होता. त्याच्या खुरात बाभळीचा काटा होता. मुद्रा कोरली त्या दिवशीही तोच होता. आता पायाचा भोपळा झालेला, नदीपर्यंत जाणंही होईना. राजवैद्य अस्वलाने काटा पाहिला आणि हात झटकले.

"काढला तर पाय खाली येईल. मग प्रगतीचं काय?"

उपचार म्हणून त्याने मुद्रेला नवा रंग द्यायला सांगितला.

राज्यदिनी गव्याला मुद्रेशेजारी उभं केलं. पाठीवर साळुंकी होती. त्याच्या गोचिडांवरच तिची हयात गेलेली.

"भाऊजी, थरथरताय."

"प्रगती आहे ती. गप्प बस."

"पू येतोय तुमच्या प्रगतीला!"

करकोच्याच्या भाषणाची अजून सात पानं उरली होती. गव्याने ती पाहिली आणि पुटपुटला, "काढ गं बाई."

साळुंकी खाली उतरली. चोच खुपसली, एक हिसका दिला. गव्याने असा उसासा सोडला की पुढच्या रांगेतल्या सशांचे कान मागे पडले. मग त्याने पाय जमिनीवर टेकवला.

"राजद्रोह!" करकोचा किंचाळला.

गवा लंगडत, पण चारी पायांनी, पाणी प्यायला निघाला.

मागच्या रांगेतल्या हत्तीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि आपला पाय गुपचूप खाली ठेवला. ठेवला गुपचूपच, पण हत्तीचाच तो. धप्प झालं. मग रानडुकराचा, मग सांबराचा, मग खुद्द राजवैद्यांचा. साऱ्या मैदानभर धप्प, धप्प, धप्प. करकोचा पुढचं पान वाचत होता. त्या आवाजात कुणाला काही ऐकू येईना.